दिवा मालवलेली मैफल

पास्कल लोपीस यांना अख्खी वसई मास्तर म्हणायची, आणि मास्तरांची तार चुकतेय असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या रविवारी सकाळी ती हिंमत त्यांच्या मुलीनेच दाखवली.

"पप्पा, तिसरी तार फार चढलीय," सेलिन दारातूनच म्हणाली. "आणि चौथी तर कुठल्या कुठे गेलीय."

"गेलीय तर गेलीय. तू चहा घे."

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. गुडघ्यांमध्ये त्यांचा गांबा. हे वाद्य दिसायला चेलोचं थोरलं भावंड, पण याला तारा सहा, मानेवर सतारीसारखे पडदे बांधलेले, आणि तारा धातूच्या नाहीत, बकऱ्याच्या आतड्याच्या. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुण्या कारागिराने ते घडवलं, आणि बोटीबोटीने फिरत ते वसईच्या एका चर्चच्या माळ्यावर येऊन पडलं. मास्तरांनी ऐन तारुण्यात ते खाली काढलं, जुळवलं, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच्यापायी घातलं. गांबा आणि त्या काळचं संगीत म्हटलं की इकडे लोक मास्तरांचंच नाव घेत.

मास्तरांनी डावा हात डोक्यामागे नेला. तार लावायच्या खुंट्या तिथे, कानाच्या वर. हात थरथरत होता. खुंटी कशीबशी धरली, फिरवली, ती हवी त्याहून जास्त फिरली आणि तार किंचाळली.

"थांबा, मी फिरवते," म्हणत सेलिन पुढे झाली. लहानपणी हे तिचंच काम. गजाने तार वाजवायची आणि त्याच वेळी आपल्याच डोक्यामागची खुंटी फिरवायची, हा मोठा कटकटीचा प्रकार. म्हणून मास्तर वाजवायचे आणि चिमुरडी सेलिन मागे स्टुलावर उभी राहून खुंटी फिरवायची. 'वर... अजून... बास.' घरात तासन् तास एवढेच शब्द.

"तू नको," मास्तर म्हणाले. "तुझा हात आता यंत्राचा झालाय."

सेलिनला ते झोंबलं. ती स्वयंपाकघरात गेली. गॅसवर चहा ठेवला आणि ऐकत उभी राहिली. बाहेरच्या खोलीतून एकेक सूर येत होता, लांब, सरळ, आणि ज्या तारेवर जो सूर असायला हवा तो नाहीच. केसाएवढी तार उतरली तर शिष्याला अंगणात उभं करणारा हा माणूस! आणि आता सगळं वाद्य बिघडवून बसलाय आणि त्याला पत्ता नाही.

"हात गेलाच होता," ती स्वतःशी पुटपुटली. "आता कानही गेला." संध्याकाळी मैफल होती, तिकिटं केव्हाच संपली होती, आणि शहरभर फलक लागले होते: दिवा मालवलेली मैफल. चहा उतू गेला तेव्हा ती भानावर आली.

आता हा दिवा कुठला, ते सांगायला हवं.

आवाज हा तसा रमतगमत येणारा गडी. सेकंदाला जेमतेम साडेतीनशे मीटर चालतो. विजेपुढे ही बैलगाडीच म्हणायची. रंगमंचावर निघालेला सूर पहिल्या रांगेपर्यंत पोचायला जो निमिषार्ध लागतो, तेवढ्या वेळात वीज काय वाटेल ते उरकून येऊ शकते. कुण्या हुशार माणसाच्या हे लक्षात आलं आणि त्यातून 'दुरुस्ती' निघाली. वाद्याला मण्याएवढा माइक चिकटवायचा. यंत्राला सगळी स्वरलिपी पाठ. सूर चुकला रे चुकला की यंत्र त्या सुराची बरोबर उलटी लहर तयार करून प्रत्येक खुर्चीच्या पाठीतून सोडतं. लाट आणि तिची उलटी लाट समोरासमोर आल्या की दोघी विरतात. मग त्या रिकाम्या जागेत यंत्र योग्य सूर अलगद ठेवून देतं. चूक कानाशी यायच्या आधीच तिला रस्त्यात गाठायचं, बस्स.

सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. मग चटावले. आता तर दुरुस्ती नाही असं सभागृह शोधून सापडायचं नाही. कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनी बेसूर कार्यक्रम आयुष्यात ऐकलेला नव्हता. फसवणूक नको म्हणून एक कायदा झाला: दुरुस्ती चालू असली की रंगमंचावर पिवळा दिवा लागलाच पाहिजे. दिवा सगळीकडे कायमच लागलेला, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघेनासं झालं.

यंत्राला एकच गोष्ट जमत नव्हती. जवळचा कान. वाजवणाऱ्याचा कान वाद्यापासून हातभर अंतरावर. उलटी लहर तयार होऊन पोचेपर्यंत चूक आत शिरलेली असते. तेव्हा भरल्या सभागृहात चूक कळणार कुणाला, तर ज्याने केली त्याला, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्याला. बाकी सगळे वाहवा करायला मोकळे.

मास्तर दुरुस्तीच्या नावाने बोटं मोडायचे. त्यांच्या मैफलीत दिवा मालवलेला असायचा आणि लोक तेवढ्यासाठी लांबून यायचे. गंमत बघा, गिरीज गावातल्या ज्या नव्या सभागृहात या मैफली व्हायच्या, तिथलं दुरुस्तीयंत्र सांभाळायची नोकरी सेलिनचीच होती. बाप एका टोकाला, लेक दुसऱ्या. घरात यावरून पुष्कळदा वाजलं होतं.

आणि तीन वर्षांपूर्वी मास्तरांचा हात थरथरू लागला. पहिल्या वेळी मैफलीत त्यांचा सूर फाटला आणि सेलिनने काही विचार न करता यंत्र चालू केलं. माइक ध्वनिमुद्रणासाठी म्हणून वाद्याला चिकटवलेला होताच; दिवा लागू नये म्हणून त्याची तार काढून ठेवली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पप्पा त्या दिवशी घरी येताना गुणगुणत होते. मग पुढच्या मैफलीला तेच. त्याच्या पुढच्याही. पकडली गेली तर परवाना जाणार हे तिला ठाऊक होतं, पण त्याची भीती तिला फारशी नव्हती. भीती एकच. पप्पांना कळलं तर ते पुन्हा कधी तिच्या डोळ्यांत बघणार नाहीत.

ते स्वतःच्या चुका ऐकत असणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण इतका तापट माणूस आपल्या चुका ऐकतो आणि गप्प बसतो? शक्यच नाही. म्हणजे त्यांना ऐकूच येत नसणार. असा हिशेब तिने मनाशी मांडला होता, आणि आज सकाळी त्या बिघडलेल्या तारांनी त्यावर शिक्का मारला.

सभागृह खच्चून भरलं. मागच्या काचेच्या खोलीत सेलिन यंत्रापुढे बसली. दिव्याची तार काढलेली, तिचं टोक तिच्या हाताशी लोंबत होतं.

रंगमंचावर तिघं. मध्ये मास्तर. डावीकडे हर्षदा वझे, डोंबिवलीची, मास्तरांच्या मैफलीत पहिल्यांदाच आलेली, जुन्या बांधणीचं व्हायोलिन वाजवणारी, स्वभावाने तलवारीची धार. उजवीकडे बेनी कुटिन्हो, मास्तरांचा शाळासोबती, हार्प्सिकॉर्डवर. हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोचा पणजोबा. पट्टी दाबली की आत पिसाचं टोक तार छेडतं. बेनीने सूर दिला, बाकीच्यांनी तारा त्याला मिळवल्या. आता मास्तरांचा गांबा अगदी बरोबर लागलेला होता. सेलिनला जरा हायसं वाटलं. बेनीकाकांनी लावून दिला असणार, असं ती धरून चालली.

पहिला तुकडा सुरू झाला आणि तिसऱ्याच ओळीला यंत्राच्या पडद्यावर चूक दाखवणारी लाल रेषा उठली. मग दुसरी. मग लालच लाल. पप्पांची बोटं गांब्याच्या पडद्यांवरून घसरत होती. सेलिनच्या कानाला मात्र सभागृहातला सूर कसा मधाळ येत होता. एका जलद जागी तर मास्तरांची अख्खी ओळच निसटली आणि यंत्राने ती जशीच्या तशी भरून काढली. पुढच्या रांगेतले एक आजोबा डोळे मिटून मान डोलावत होते.

हर्षदाने मात्र चमकून मास्तरांकडे बघितलं. मग प्रेक्षकांकडे. मग वर, त्या विझलेल्या दिव्याकडे.

मध्यंतर झालं तशी ती तरातरा काचेच्या खोलीत आली.

"सेलिन, यंत्र बंद आहे ना?"

"दिवा दिसत नाही का तुला?"

"दिवा दिसतोय. मी यंत्राचं विचारलं." हर्षदाने दार लोटून घेतलं. "त्या जलद जागी मास्तर पार गळपटले. मी हातभरावर बसलेय, मला ऐकू आलं. तिथे लोकांनी 'अरेरे' म्हणायला हवं होतं. ते 'वा' म्हणाले."

"लोकांना काय कळतंय."

"लोकांना कळत नाही म्हणून तुझ्या वडिलांनी जन्म काढला का इथे?" हर्षदाचा आवाज चढला. "हे बघ, मी माझ्या चुकांसकट वाजवायला आलेय. दिवा विझलाय म्हणून आलेय. यंत्र चालू असेल तर सांग, मी आत्ता व्हायोलिन उचलते आणि निघते."

ही निघाली तर मैफल मोडणार. मोडली तर का मोडली ते पप्पांना कळणार.

"बंद आहे," ती म्हणाली. "आईशप्पथ."

हर्षदाने दार उघडलं. विश्वास बसलेला नव्हता, पण शपथेपुढे ती काय करणार? ती गेली.

आणि तेवढ्यात कपडे बदलायच्या खोलीतून गांब्याचा आवाज आला. पुन्हा तेच! तिसरी तार चढलेली, चौथी कुठल्या कुठे. पप्पा लागलेलं वाद्य पुन्हा बिघडवत होते! सेलिन धावत गेली, तर दाराशी बेनीकाका उभे. तोंडात सुकेळी, वसईची वाळवलेली केळी.

"काका, सोडा मला. पप्पांनी तारा पार बिघडवल्यात. असेच रंगमंचावर गेले तर हसं होईल."

"जेजू रे, किती घाबरतेस पोरी! घे, सुकेळी खा."

"काका, त्यांना ऐकू येत नाहीये!"

बेनीकाका चघळायचे थांबले. "कुणाला? पास्कलला?" मग मान हलवत म्हणाले, "जा, आपल्या जागेवर बस. घंटा झाली."

ती परतली. यंत्राची ताकद तिने पार टोकापर्यंत वाढवली. आता सगळा भरवसा त्याच्यावर. अख्खं वाद्य बेसूर असलं तरी ओढून सुरात आणायचं. तिने मनातल्या मनात क्रूस काढला.

मास्तर आले, बसले, पण गज उचलला नाही. उठून रंगमंचाच्या कडेशी आले.

"मंडळी," ते म्हणाले, "कार्यक्रमात शेवटी माझ्या एकट्याचं काहीतरी लिहिलंय. ते आज नाही. आज चार सुरांवरची एक रचना वाजवू. खालचे चार सूर तेच ते, फिरून फिरून येणार. सा, नी, ध, प. वर हर्षदा काय करते ते ऐका. पण त्याआधी एक विनंती. हे संगीत असल्या सभागृहासाठी लिहिलंच नव्हतं. एका खोलीत दहावीस माणसं बसायची, आणि वाजवणारा त्यांच्या मधोमध. त्याचा श्वास ऐकू यायचा. तुम्ही मला फार लांब वाटताय. तेव्हा खुर्च्या सोडा, वर या. बसा आमच्याभोवती, खाली, जमिनीवर, जशी जागा मिळेल तसे."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग कुणी हसलं, कुणी उठलं.

मास्तरांनी मान वर करून थेट काचेच्या खोलीकडे बघितलं. "सावकाश या," ते म्हणाले. "घाई नाही. मी थांबतो."

हे लोकांना सांगणं नव्हतं. हे सेलिनला होतं.

त्यांना माहीत होतं! किती दिवस, देव जाणे. ते ऐकत होते. आपला प्रत्येक फाटलेला सूर ते ऐकत होते, आणि वर पडणाऱ्या टाळ्याही. वसईकर बहिरे नाहीत हे न कळायला ते काय दुधखुळे होते?

लोक रंगमंचावर चढायला लागले होते. मास्तर खुर्चीत बसून एक सूर धरून होते, लोक येईपर्यंतचा वेळ भरून काढायला. सेलिनने यंत्राचा पडदा बघितला. स्वरलिपीत नसलेला तो सूर यंत्र चूक समजून दुरुस्त करत होतं, आणि लोक अजून आपल्या खुर्च्यांत आहेत असं त्याला वाटत होतं. माणसं वाद्याजवळ आली की खरा सूर आधी पोचणार आणि दुरुस्ती मागून, उशिरा. एकाचे दोन ऐकू येणार. निळ्या साडीतली एक बाई पायरीवरच थबकली. तिने मागे वळून रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, कान दिला. तिला काहीतरी खटकलं होतं.

एक कळ दाबायची, यंत्र बंद. कुणाला कधी कळणार नाही. पप्पांनी त्यासाठीच वेळ दिला होता. लोकांपुढे तिला उघडं पाडायचं त्यांच्या मनात नव्हतं.

सेलिनचं बोट कळेवर गेलं आणि तिथेच थांबलं. कळ दाबली की संपलं. पप्पा काही बोलणार नाहीत, तीही बोलणार नाही, आणि सगळा जन्म हे दोघांच्या मधे पडून राहील. हर्षदाला तर तिने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने लोंबणारं तारेचं टोक उचललं आणि दिव्याला जोडलं.

रंगमंचावर पिवळा दिवा लख्खकन लागला. सगळ्यांनी वर बघितलं. हर्षदाने व्हायोलिन खाली घेतलं. मग सेलिनने यंत्र बंद केलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिवा विझला.

"म्हणजे इतका वेळ चालू होतं?" कुणीतरी ओरडलं.

"फसवणूक आहे ही! पैसे परत करा!"

चारदोन माणसं तणतणत दाराकडे निघाली. बेनीकाकांचा चेहरा पांढरा पडला. हर्षदा उठून उभी राहिली होती. निघते की राहते, सांगता येत नव्हतं. मास्तरांनी काचेच्या खोलीकडे बघितलं, बराच वेळ. मग डावा हात सरळ मांडीवर ठेवून दिला, गज उचलला आणि सुरू केलं.

सा. नी. ध. प.

चारही सूर स्वच्छ, भरदार. हात मांडीवर थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता, पण त्याचं इथे कामच नव्हतं. चार सूर चार मोकळ्या तारांवर होते; बोट कुठे ठेवायलाच नको, नुसता गज ओढायचा.

सेलिनने कपाळावर हात मारून घेतला. तारा बिघडवलेल्या नव्हत्या. या रचनेसाठी मुद्दाम वेगळ्या लावल्या होत्या! जुने वादक रचना बघून तारांची जुळणी बदलत, हे पप्पांनीच तिला शिकवलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः ते कधी केलं नव्हतं, एवढ्यावरून तिने त्यांना बहिरं ठरवलं. गाढवपणाची हद्द झाली!

हर्षदा खाली बसली. तिने व्हायोलिन हनुवटीशी घेतलं आणि पुढच्या फेऱ्याला वरून उतरत आली. दाराकडे निघालेल्यांपैकी दोघं थांबले. रंगमंचावरची माणसं सरकून सरकून आणखी जवळ आली. गजाची खरखर, मास्तरांचा श्वास, सगळं ऐकू येत असणार. एकदा हर्षदाचा सूर किंचित निसटला, तिने तोंड वाकडं केलं, आणि शेजारची पोरगी खुदकन हसली. हर्षदाही हसली.

पण इतकी माणसं, इतके श्वास, इतकी ऊब, आणि आतड्याची तार म्हणजे मोठी नखरेल. सातआठ फेरे झाले असतील, शेवटचा सूर खाली झुकला. पुढच्या फेऱ्याला आणखी. सा, नी, ध, आणि मग तो पडलेला, मळमळवणारा प. हार्प्सिकॉर्डशी त्याची टक्कर व्हायला लागली. निळ्या साडीच्या बाईने दात आवळले. असं काही त्यांच्यापैकी कित्येकांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं नव्हतं. कुणी अस्वस्थ होऊन विझलेल्या दिव्याकडे बघू लागलं, तो लागेल या आशेनेच बहुतेक.

मास्तरांचा डावा हात उठला, डोक्यामागे गेला, खुंटी चाचपू लागला. सापडली. थरथरत्या बोटांनी ती फिरवली आणि तार आणखीच खाली गेली. त्यांनी पुन्हा पकडायचा प्रयत्न केला. बोटं घसरली. उजवा हात मात्र गज ओढतच होता, कारण हा खालचा आधार थांबला तर वरचं सगळं कोसळणार.

सेलिन काचेच्या खोलीतून निघाली ती धावतच. रिकाम्या खुर्च्यांमधून, पायऱ्यांवरून, बसलेल्या माणसांचे पाय तुडवत. "अहो, सरका, सरका जरा." कुणीतरी ओळखलं, "हीच ती," असं पुटपुटलंही. ती मास्तरांच्या मागे गुडघ्यांवर बसली. आता स्टूल लागत नव्हतं. त्यांचा थरथरणारा हात तिने धरला आणि खाली, मांडीवर ठेवला.

मास्तरांनी मान वळवली नाही.

"बंद केलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, पप्पा."

सा. नी.

"मग बघतेस काय? फिरव."

ध. तिने खुंटी धरली. प आला, पडलेला, आणि सगळ्यांच्या समोर ती तो वर ढकलायला लागली. सूर वाकत, कण्हत चढला.

"वर," मास्तर म्हणाले.

पुढचा फेरा. व्हायोलिन वर कुठेतरी गिरक्या घेत होतं, पण ऐकणारे सगळे या एका सुराची वाट बघत होते. प आला. तिने खुंटी किंचित वळवली.

"अजून."

तिसऱ्या फेऱ्याला प आला आणि हार्प्सिकॉर्डच्या सुरात असा जाऊन बसला की दोन वाद्यं आहेत हे कळेना. निळ्या साडीच्या बाईने सोडलेला सुस्कारा सेलिनला तिथवर ऐकू आला.

"बास," मास्तर म्हणाले.

तार पुन्हा उतरणार होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. रचना संपेपर्यंत सेलिनने खुंटीवरचा हात काढला नाही.